"आधी मांत्रिकाकडे नेले"

पडद्यावर मी होते आणि सभागृह हसत होतं.

एकोणीस वर्षांची मी. लोखंडी कॉटवर बसलेली, केस विस्कटलेले. तोंड सारखं हलतंय, काहीतरी चघळत असल्यासारखं. डावा हात हवेत उगाचच काहीतरी विणतोय. डोळ्यांवर काळी पट्टी टाकलेली होती, तेवढी काळजी सरांनी घेतली होती. बाजूला माझी आई. तिचं तोंड दिसत नाही, फक्त हात दिसतो, आणि तो हात माझा कुर्ता पुन्हा पुन्हा गुडघ्याखाली ओढतोय. समोर पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर उभा आहे आणि मी त्याला दरडावतेय, "चप्पल बाहेर काढ. फरशी नवीन आहे." डॉक्टर हलत नाही. मी पुन्हा दरडावते. दर वेळी सभागृहातलं हसू वाढत गेलं.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, मांडीवर परिषदेत वाटलेली कापडी पिशवी. शेजारी लॅबमधली मैत्रीण. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली. काळ्या पट्टीचा उपयोग अनोळखी माणसांपुरताच असतो.

सर व्यासपीठावर होते. शरीरातली जी यंत्रणा जंतूंशी लढते, तीच उलटते आणि स्वतःच्या मेंदूवर हल्ला करते, असे काही आजार आहेत. त्या आजारांबद्दल पुण्यात सरांचा शब्द शेवटचा मानतात. भाषण इंग्रजीत चाललं होतं. गंमत करायची असली की सर मराठीत येतात. त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि माझं मनगट मोठं करून दाखवलं. मनगटावर पांढरा धागा होता.

"आता या मंडळींचं नेहमीचंच," सर म्हणाले. "आधी मांत्रिक, मग आम्ही."

पुन्हा हशा. व्हिडिओ पुढे सरकला. डॉक्टरचा आवाज आला, "हा गंडा कोणी बांधला?" आणि त्यावर माझ्या पप्पांचा आवाज, "साहेब, तो..." तिथेच व्हिडिओ तोडला होता. पुढच्या स्लाईडवर उपचारांना उशीर का होतो याची कारणं होती. सगळ्यात वर अंधश्रद्धा.

उठून जाता आलं असतं. मी बसून राहिले. चहाच्या वेळी सरांनी मला दिल्लीच्या एका डॉक्टरांसमोर उभं केलं आणि सांगितलं, हीच ती, माझी केस, आता माझ्याकडेच संशोधन करते. दिल्लीच्या डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दुरुस्त होऊन आलेला पंखा बघावा तसं, आणि सरांचं अभिनंदन केलं. मग दोघं बटाटेवड्यांकडे वळले.

त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. या आजारात तसं होतं. मेंदू पेटलेला असतो, तो काही साठवून ठेवत नाही. माझ्या आयुष्यातले ते आठवडे माझ्याकडे नाहीतच. आई-पप्पांकडे आहेत आणि सरांच्या लॅपटॉपमध्ये आहेत. आई-पप्पांनी ते मला कधी दाखवले नव्हते. सरांनी दाखवले, भरल्या सभागृहाबरोबर बसवून.

संमती होती का? होती. दाखल करताना कागदांचा गठ्ठा पुढे आला आणि पप्पांनी जिथे बोट ठेवलं गेलं तिथे सही केली. आत पोरगी किंचाळत असताना कोण वाचत बसतं?

सरांनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर कुणीतरी मला त्याची आठवण करून देईलच. निदान झाल्यावर मला त्यांच्या वॉर्डात हलवलं, त्यांनी स्टेरॉइड दिली, रक्तातला प्लाझ्मा बदलला, मी पुन्हा बोलायला लागले, चालायला लागले. अजूनही नावं पटकन सुचत नाहीत. मंडईत भाजीवालीसमोर उभी राहते, घेवडा समोर दिसत असतो आणि त्याला काय म्हणतात ते आठवत नाही. मी बोटानं दाखवते. बाकी ठीक आहे. एमएस्सी केली, आणि ज्या आजारानं मला गिळलं होतं त्याच्याच संशोधनात शिरले. रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं, त्यात मेंदूवर चालून जाणारी अँटिबॉडी आहे का ते शोधायचं, आणि बरे झालेल्यांच्या घरी फोन करून विचारपूस करायची. हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

सरांनी मला कधी जात विचारली नाही. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मग मूळ गाव विचारलं. मग "असं असं" म्हणाले आणि मान हलवली. सर नारायण पेठेतले, तिथे एवढ्यावर सगळं कळतं. त्यानंतर सगळ्यांशी ओळख करून देताना मी "माझी केस" झाले. मी ते गिळत गेले. उपकाराचं ओझं असलं की माणूस बरंच गिळतो.

परिषदेच्या संध्याकाळी वाघोलीला घरी गेले. पप्पा बाल्कनीत तुळशीच्या, मिरचीच्या कुंड्यांना पाणी घालत होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला कारकून, आता कुंड्यांना मापून पाणी घालतो. मी सरळ विचारलं, त्या धाग्याबद्दल डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलं होतं?

पप्पा थांबले. तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मी त्यांना सांगितलं, साहेब, तो परित्राणाचा धागा आहे. नव्या घराच्या वेळी भंतेजींनी बुद्धवचनांचा पाठ करून आम्हा सगळ्यांना बांधला. हा बघा, माझ्याही हातात आहे. आमच्यात मांत्रिक नसतो."

"मग?"

"मग ते म्हणाले, तेच ते, नाव वेगळं. आणि लिहून घेतलं."

आई आतून बाहेर आली होती. ती दाराला टेकून उभी राहिली आणि तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. आम्ही वस्तीतल्या दोन खोल्या सोडून वाघोलीच्या फ्लॅटमध्ये आलो त्याला महिनाही झाला नव्हता. मी झोपेनाशी झाले. बडबडायला लागले. आईनं मला त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, परीक्षेचं टेन्शन आहे. दोन दिवसांनी नगर रोडवरच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि आईला बाजूला घेऊन विचारलं, मुलीचं बाहेर कुठे काही आहे का? मग मला फिट आली. रिक्षात घालून थेट मोठ्या रुग्णालयात, म्हणजे आत्ता मी जिथे काम करते तिथे आणलं. तिथे माझ्याकडच्या गोळ्या बघून मला मानसोपचाराच्या वॉर्डात टाकलं. आणि मी तिथेच पडून राहिले. ताप यायचा, तोंड हलायचं, हात हलायचा. पप्पा रोज विचारायचे, मेंदूच्या डॉक्टरांना बोलवता का? रोज सांगायचे, बोलावलंय. मेंदूच्या डॉक्टरांचा विभाग दोन मजले वर होता. आठवडे गेले. शेवटी बदलीवर आलेल्या एका तरुण डॉक्टरणीला माझं तोंड बघून शंका आली आणि तिनं भांडून माझ्या पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं.

एवढाच माझा उशीर. तो सगळा दवाखान्यांत झाला, आणि त्यातला सर्वांत मोठा सरांच्याच इमारतीत.

कुणी म्हणेल, धागा तो धागाच. म्हणा. आईची त्यावर श्रद्धा आहे, माझी फारशी नाही. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात कुणाच्या अंगात आलेलं नाही आणि कुणी अंगारा लावलेला नाही. त्या धाग्यापायी आम्ही एक दिवससुद्धा घरी बसलो नाही. बसलो होतो ते तुमच्या दवाखान्यांतल्या बाकड्यांवर.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मला मांत्रिकाकडे नेलं नव्हतं."

सरांनी चष्मा काढला. "तुला आठवतंय?"

"नाही. पप्पांना आठवतंय."

"पालक कबूल करत नसतात गं," सर अगदी मायेनं म्हणाले. "लाज वाटते त्यांना. आपण समजून घ्यायचं असतं."

तो मायेचा सूर मला सभागृहातल्या हसण्यापेक्षा जास्त लागला. माझे वडील खोटं बोलतात, हे ते मला समजावून सांगत होते. तेही माझ्या वडिलांवर दया करून. पुढे म्हणाले की तू हुशार आहेस, तुमच्यातून एवढी वर आलेली मुलगी आहेस, असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नकोस. पेपरच्या लेखकांत तुझं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे विसरू नकोस. पेपर म्हणजे आमचा शोधनिबंध. विषय हाच, रुग्ण उपचारांपर्यंत उशिरा का पोचतात. त्यातली केस मी, आणि लेखकांतही मी.

मी बाहेर आले आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि विचार केला. पेपरातल्या एका चुकीच्या ओळीसाठी मी एवढी का पेटलेय? माझ्या अपमानासाठी? होय, त्यासाठीही. पण हा आजार उशिराला माफ करत नाही. जेवढा उशीर तेवढा मेंदू जळतो. पेपरात कारण अंधश्रद्धा असं छापून आलं की वस्त्यांमध्ये पोस्टर लागतील, पथनाट्यं होतील. मानसोपचाराच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना कोणी काही शिकवणार नाही. माझ्यासारखी पुढची मुलगी त्याच कॉटवर तशीच पडून राहील आणि तिच्या आईबापांच्या नावानं तीच ओळ लिहिली जाईल.

विचारपुशीचे फोन मलाच करायचे असायचे. मी त्यात एक प्रश्न वाढवला: आधी कुठे नेलं होतं? काहीजण खरंच मांत्रिकाकडे गेले होते. त्यांनी ते लपवलं नाही. पण ज्यांच्या नावापुढे मांत्रिक लिहिलेला होता त्यांतले बरेच जण गेलेच नव्हते. कुणाच्या कपाळाला हळद होती, कुणाच्या गळ्यात ताईत होता, कुणी नुसतेच वस्तीतले होते. लोहगावच्या एका बाप्यानं तर मलाच झापलं. म्हणाला, "पोरगी तापानं फणफणली व्हती, थेट दवाखाना गाठला. तुमीच चार ठिकानी फिरवली तिला. आता इचारताय व्हय?" मी तसंच लिहून घेतलं. याउलट कोरेगाव पार्कातल्या एका बाईंनी ओपीडीत मला स्वतः सांगितलं होतं की मुलासाठी आधी महिनाभर गुरुजींकडून अनुष्ठान करून घेतलं. त्यांच्या उशिराचं कारण आमच्याकडे काय होतं? कौटुंबिक अडचण.

मी हे सरांच्या कानावर घातलं. त्यांनी एकच विचारलं, हा जास्तीचा प्रश्न कुणाच्या परवानगीनं विचारलास? संशोधनाला शिस्त असते. परवानगी घेतली नव्हती, हे खरंच होतं. फोन करायचं काम त्या दिवसापासून दुसऱ्या मुलीला दिलं.

आमच्याकडे गुरुवारी विभागाची बैठक असते. केसेस मांडतात, पेपर वाचतात. हिस्ट्रीबद्दल, म्हणजे आजाराच्या हकिगतीबद्दल शंका आली तर नातेवाइकांना आत बोलावून सगळ्यांसमोर पुन्हा विचारायचं, ही सरांची जुनी पद्धत. त्यांना तिचा अभिमान आहे. नव्या पोरांना ते पहिल्याच दिवशी शिकवतात. कागदावर विश्वास ठेवू नका, माणसाला विचारा.

ज्या गुरुवारी आमचा पेपर वाचला जाणार होता त्या गुरुवारी मी पप्पांना घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. त्यांना यायचं नव्हतं. आपल्याला काय करायचंय, तू बरी झालीस ना, असं ते बसमध्ये येरवड्यापर्यंत म्हणत होते. मागच्या खुर्चीवर ते टोकाला बसले, पूर्ण खुर्ची घेतलीच नाही.

वाचन माझ्या केसपर्यंत आलं. "आधी मांत्रिकाकडे नेले," वाचणाऱ्यानं वाचलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की या हिस्ट्रीबद्दल शंका आहे, नातेवाईक हजर आहेत, पुन्हा विचारू या.

सरांनी मागे वळून पाहिलं. "हे कोण?"

"केसचे वडील."

खोलीत तेव्हा सगळ्यांना कळलं की पेपरातली ही केस मीच. माझी हिस्ट्री ज्यांनी लिहिली होती ते तेव्हाचे रेसिडेंट आता व्याख्याते आहेत. समोरच बसले होते. त्यांनी मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिले.

"ही चावडी नाही," सर म्हणाले. "त्यांना बाहेर बसवा, चहा द्या."

आणि पप्पा उठले. कोणी हात धरला नाही, कोणी ढकललं नाही. साहेब बाहेर म्हणाले म्हणून ते उठले. वर दोन्ही हात जोडले, जसं काही चूक त्यांचीच होती. नोकरीभर ते असेच उठत आले असणार. माझ्या मानसोपचाराच्या वॉर्डातूनही असेच रोज परत गेले असणार, बोलावलंय ना साहेब, बरं साहेब. ते जोडलेले हात पाहिले आणि माझ्यातली भीती संपली. राग उरला. इतका स्वच्छ राग मला कधी आला नव्हता.

"पप्पा, बसा," मी म्हणाले. "पूर्ण बसा."

ते बसले. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सर शिकवतात तसंच विचारलं. पेशंटचे आपण कोण? पेशंटला पहिल्यांदा कुठे दाखवलं? त्यानंतर कुठे? पप्पांचा आवाज पहिल्यांदा कापला. मग सरळ झाला. कोपऱ्यावरचे डॉक्टर, नगर रोडचे डॉक्टर, मोठं रुग्णालय, मानसोपचाराचा वॉर्ड, तिथले दिवस. मग धाग्याबद्दल विचारलं. त्यांनी तेच सांगितलं जे तेव्हा सांगितलं होतं. या खेपेला कुणी मधे बोललं नाही. शेवटी पप्पा स्वतःहून म्हणाले, "साहेब, तुम्ही माझी पोरगी वाचवली. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी सांगितलं एक आणि तुम्ही लिहिलं दुसरं."

सरांनी घड्याळ पाहिलं, पुढची केस घ्या म्हणाले. दोन रेसिडेंट मुली आमच्यामागे जिन्यापर्यंत आल्या.

कुणाला वाटेल, इथे सगळं बदललं. काही बदललं नाही. पुढच्या आठवड्यात पेपरचा नवा मसुदा आला. त्यातून माझी केस वगळली होती, अपुरी माहिती म्हणून. माझं नावही वगळलं होतं. बाकी सगळ्या केसेस जशाच्या तशा, आणि निष्कर्षही तोच. माझ्या बापाला खरं ठरवण्यापेक्षा मला पुसून टाकणं सोपं गेलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आईला वाटलं, आजार उलटला. ती दर थोड्या वेळानं येऊन कपाळाला हात लावून बघायची, आणि मला तिच्यावरही चिडचिड व्हायची.

आता माझ्या फेलोशिपच्या मुदतवाढीवर सरांची सही हवी आहे. निरोप आलाय. विभागाची शिस्त मोडल्याबद्दल दोन ओळींची माफी लिहून दे, सर मोठ्या मनाचे आहेत, सही करतील. निरोप आणणाऱ्या मैत्रिणीनं मला तळमळीनं समजावलं, दोन ओळी लिहून टाक, काय जातं? तिचं चुकत नाही. तिच्या बापाला अजून कुणी खोटं ठरवलेलं नाही.

मी लिहून दिलेलं नाही. देणार नाही. संस्थेच्या नीतिसमितीकडे मी अर्ज दिलाय. माझा व्हिडिओ माझ्या परवानगीशिवाय पुन्हा कुठेही दाखवायचा नाही, आणि पेपरातल्या प्रत्येक कुटुंबाला समितीच्या माणसानं पुन्हा विचारायचं. समिती सरांच्या ओळखीच्या माणसांचीच आहे, हे मला माहीत आहे. उत्तर आलं नाही तर वरच्या समितीकडे जाईन. तिथून आलं नाही तर तिच्याही वर.

आणि हा अभ्यास मी सोडणार नाही. फेलोशिप गेली तर वाघोलीत क्लास घेईन, पोट भरेन, दुसरा गाईड शोधेन, पुण्यात मिळाला नाही तर पुण्याबाहेर. मला आता एकाच प्रश्नावर काम करायचंय. या आजाराचा माणूस दवाखान्याच्या दारातून आत आल्यानंतर त्याचा किती काळ वाया जातो, आणि कुणाच्या हातून. सांगणाऱ्यांची तोंडं आहेत, विचारणारी मी आहे. पहिली केस मी माझीच लिहिणार आहे. पूर्ण नावानिशी, आडनावासकट.